फडावरची मुले आणि पवित्र शास्त्र

दिवाळी सरली, डोंगरउतारावरच्या भाताच्या कापण्या उरकल्या, म्हणजे वेदगंगेच्या खोऱ्यात कोयत्यांचा आवाज सुरू होतो. बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाळप चालू होते आणि बीड, परभणी, जालना, अहिल्यानगर अशा कोरडवाहू मुलखांतून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येऊन उतरतात. गारगोटीच्या पेठेतील आमच्या व्यापारी वाचकांस हे लोक अपरिचित नाहीत. पीठमीठ, तेल, तंबाखू, पोराच्या खोकल्याचे औषध, हे सर्व ते येथूनच नेतात, आणि हंगाम संपताना एखादे लुगडे वा भांडे घेऊन जातात. तरीही त्यांचे नाव-गाव आपणांपैकी कितीकांस सांगता येईल? मुकादमाचे नाव ठाऊक असते, कारण उधारी त्याच्या नावावर असते.

ह्या टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. माणसांची गणती हत्याराने करण्याची ही रीत ऐकणाऱ्याच्या कानास आता टोचेनाशी झाली आहे. कोयत्यामागे मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि एक दिवस खाडा झाला तर त्याचेही पैसे कापले जातात. आई ऊस तोडते, बाप मोळी बांधून गाडीत भरतो, आणि पाचटाच्या कोपीत सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावास मांडीवर घेऊन बसते. तिचे नाव तिकडे गावच्या शाळेच्या पटावर असते व इकडे ती स्वतः असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे शाळेच्या वर्षाचा गाभाच तिच्या हातून निसटतो. असे तीन-चार हंगाम गेले, की पाटी तिला परकी होते आणि कोयता आपला.

ह्या मुलांसंबंधाने एक प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. प्रश्न नाजूक आहे; त्यावर बोलताना अनेकांचा तोल जातो, म्हणूनच तो शांतपणे मांडणे अवश्य आहे. समजा, कोपीतल्या ह्या मुलांपाशी कोणी भला मनुष्य जाऊ लागला. त्याने चार पाट्या नेल्या, खाऊ नेला, मुले गोळा केली, अक्षरे गिरवून घेतली, आणि अक्षरांबरोबर पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलातील, गोष्टी सांगून प्रार्थना शिकविली. तर आपण काय म्हणावे? एक पक्ष ताबडतोब ओरडेल की, हा गरिबांच्या पोरांस बाटविण्याचा डाव आहे, त्यास हाकलून द्या. दुसरा पक्ष म्हणेल की, त्या मुलांस विचारणारा दुसरा कोण आहे? जो शिकवितो त्यास शिकवू द्या, काय शिकवितो ते पाहू नका. आमच्या मते हे दोन्ही पक्ष त्या मुलीकडे पाहतच नाहीत. एकाचे लक्ष आपल्या धर्माच्या संख्येकडे आहे, आणि दुसऱ्यास आपली जबाबदारी परस्पर कोणी उचलली ह्याचे समाधान आहे.

प्रथम बायबलाविषयीच एक गोष्ट स्पष्ट करू. ते पुस्तक मराठीस परके नाही. फादर स्टीफन्स ह्यांनी गोमंतकात रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, आणि मराठी भाषेची थोरवी त्या परदेशी पाद्र्याने जितक्या प्रेमाने गायिली तितकी फार थोड्या स्वदेशी पंडितांनी गायिली असेल. विल्यम कॅरे ह्यांनी श्रीरामपुरास मराठी नव्या कराराचे काम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच केले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, साध्या बाईमाणसास समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्या १९२२ साली वारल्या. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचे नाव ज्याच्या घरी नाही अशा मराठी वाचकाचे घर आम्हांस दाखवावे. आपल्या करवीर नगरीतही रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ सालीच आले. तेव्हा ‘हे पुस्तक आमच्या मुलांच्या कानी पडता कामा नये’ असे जो म्हणतो, तो मराठीच्या इतिहासातील अर्धे दालन बंद करावयास निघाला आहे.

शिवाय मिशनच्या शाळांचे जे ऋण आपणांवर आहे ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरास मिस फॅरार ह्यांची मुलींची शाळा पाहून त्यांच्या मनाने घेतले, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. ज्या जिल्ह्यातील शाळेने जोतीरावांस वाट दाखविली त्याच जिल्ह्यातील मुली आज आपल्या फडावर पाटीवाचून बसल्या आहेत, हा योग आम्हांस चैन पडू देत नाही. आता पाहा, जोतीरावांनी लहानपणी बायबल वाचले, ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे की, ज्यात घरची बाई बुद्धाच्या धर्माने, नवरा ख्रिस्ताच्या धर्माने, मुलगी महंमदाच्या धर्माने व मुलगा सत्यधर्माने चालेल आणि तरी सर्वजण एका घरात प्रेमाने नांदतील. बायबल कानी पडल्याने धर्म बुडतो असे मानणाऱ्यांनी, आणि बायबल कानी पडताच जीव तरतो असे मानणाऱ्यांनीही, ह्या एका शिष्याकडे पाहावे.

मग आमचा आक्षेप कशास? आक्षेप पुस्तकास नाही. ते कोणाच्या हाती, कोणत्या वयात व कशाच्या बदल्यात दिले जाते ह्यास आहे. महाराष्ट्रात ज्यांनी विचारपूर्वक ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांची वये पाहा. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते विशी ओलांडलेले, वादविवादात मुरलेले तरुण होते. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात तो घेतला, तेव्हा संस्कृत शास्त्रे त्यांच्या जिभेवर होती. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते तिशीनंतर. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, सोवळेओवळे पाळीत राहिल्या, आणि काही वर्षांनी आपल्या बुद्धीस पटले तेव्हाच त्या वाटेने गेल्या. आणखी मोठे उदाहरण हवे असेल तर डॉ. आंबेडकरांचे घ्या. हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी १९३५ साली येवल्यास जाहीर केले. बौद्ध धर्माची दीक्षा घेतली १९५६ साली. मध्ये एकवीस वर्षे गेली. एवढ्या प्रचंड व्यासंगाच्या पुरुषास धर्म बदलण्यापूर्वी एकवीस वर्षे विचार करावासा वाटला, तर खाऊच्या पुडीसाठी रांगेत उभे राहिलेल्या सात वर्षांच्या पोराने डोळे मिटून म्हटलेल्या प्रार्थनेस आपण श्रद्धा हे नाव कसे द्यावे? त्यात धर्मांतर नाही, हे खरे. पण धर्मही नाही. तेथे आहे ती केवळ भूक, आणि मोठ्या माणसास खूष करण्याची लहान मुलाची उपजत धडपड.

हा वयाचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा सुमारे बारा वर्षांचा मुलगा मिशनरी गृहस्थांकडे जाऊन राहिला. बापाने न्यायालयात दाद मागितली आणि मुलगा बापाच्या ताब्यात देण्यात आला. खरी शोकांतिका पुढेच झाली. मुलगा परत आला, पण मिशनऱ्याच्या घरी जेवला म्हणून जातीने त्यास परत घेण्यास मोडता घातला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी त्यास प्रायश्चित्त देऊन घ्यावे अशी बाजू घेतली, तर त्यांच्यावरच जातबंधू उलटले. म्हणजे मुलगा नेला म्हणून आकांत करणारेच मुलगा परत आल्यावर दार लावून बसले! धर्मरक्षणाच्या नावाने आज जे आवेशाने बोलतात त्यांनी ही जुनी हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी. ज्या पोरास आपण ‘आपले’ म्हणतो त्यास आपल्या ओसरीवर बसू देतो काय, हा त्यांचा पहिला हिशेब असला पाहिजे.

दुसरी हकीकत १८९३ सालची, शारदासदनाची. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी हे गृह १८८९ साली काढले, त्यात धर्माची सक्ती नव्हती. परंतु बाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. ह्यावरून गहजब झाला, वर्तमानपत्रे तुटून पडली, आणि सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर ह्यांसारख्या थोर पुरुषांनी अंग काढून घेतले. दोन्ही बाजूंकडे काही सत्य होते असे आम्हांस वाटते. आपल्या घरात आपल्या देवाची प्रार्थना दार लावून करावी, असे बाईंस सांगणे अन्यायाचे होते. आणि जिला जगात दुसरा आसरा नाही अशा मुलीच्या ‘आपण होऊन’ ह्या शब्दांत आपलेपणा किती व आश्रयदात्रीची ओढ किती हे ठरविणे कठीण, हेही खरे होते. पण ह्या वादात ज्यांचे उत्तर टिकले ते गृहस्थ वादात पडलेच नाहीत. शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई ह्या विधवेशी अण्णासाहेब कर्वे ह्यांनी त्याच १८९३ साली लग्न केले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून तेथे मुली शिकविल्या. गोदूबाई शारदासदनात राहूनही ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि अण्णासाहेबांनी रमाबाईंविरुद्ध ओरड करण्यात दिवस घालविले नाहीत. दुसऱ्याच्या शाळेचे भय वाटत असेल तर आपली शाळा काढावी, हे उत्तर महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू, कारण अर्धवट माहितीवर पुष्कळ भांडणे पोसली जातात. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यात सरकारी शाळांपुरता असा तोडगा होता की, बायबल ग्रंथालयात असावे, ज्या विद्यार्थ्यास वाटेल त्याने ते वाचावे, त्याने विचारले तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर समजावून सांगावे. वर्गात मात्र शिकवू नये. परक्या राजवटीचे पुष्कळसे नियम आम्हांस जाचले, परंतु ह्या एका नियमात शहाणपण होते असे म्हटलेच पाहिजे. स्वतंत्र भारताच्या संविधानाने तेच अधिक नेमके केले. अनुच्छेद २५ अन्वये प्रत्येकास आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. म्हणून रस्त्यावर, चर्चमध्ये वा स्वतःच्या घरी कोणी बायबल सांगत असेल तर त्यास अडविण्याचा अधिकार गावगुंडास नाही. उलटपक्षी, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात असे ठरविले की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. अनुच्छेद २८ अन्वये संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते द्यावयाचे तर अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. कोपीपुढे पाचटावर भरलेल्या वर्गास ना मान्यता ना अनुदान, तेव्हा अक्षरशः पाहता हे कलम तेथे लागू होणार नाही. परंतु ज्या मुलांमागे कायदा उभा राहत नाही त्यांच्या बाबतीत कायद्याचा आशय अधिकच कसोशीने पाळावा, असे आम्हांस वाटते.

संमती हा शब्द उच्चारण्यास सोपा आहे. फडावरच्या मायबापांची संमती म्हणजे काय, ह्याचा विचार करा. उचलीखाली दबलेला मनुष्य मुकादमास ‘नाही’ म्हणू शकत नाही, बागाईतदारास म्हणू शकत नाही, चिटबॉयलाही म्हणू शकत नाही. त्याच्या पोरास खाऊ देणाऱ्या स्वच्छ कपड्यांतील पाहुण्यास तो ‘नाही’ कसे म्हणेल? मुकादमाच्या मार्फत मिळविलेली परवानगी ही परवानगीच नव्हे. खरोखर विचारावयाचे असेल तर दिवेलागणीस, माणसे फडावरून परतल्यावर, चुलीपाशी बसून, आईला व बापाला दोघांनाही विचारले पाहिजे. आणि ‘तुम्ही नको म्हणालात तरी पाटी मिळेल, खाऊ मिळेल, शिकवणे थांबणार नाही’ हे आधी सांगितले पाहिजे. पाहुण्यास दिसत नसेल, पण त्या कोपीत देव आधीच आलेला असतो. कोठे भगवानगडाचे चित्र कुडास लावलेले असते, कोठे पोहरादेवीचे, कोठे बाबासाहेबांचे. बंजारा मुलाच्या घरी तर बोलीही वेगळी असते; शाळेतील मराठी त्यास आधीच परभाषा, त्यात ही तिसरी परिभाषा. ज्याच्यापाशी घर नाही, शेत नाही, मुलाची शाळाही नाही, त्याच्यापाशी उरलेली ही एक वस्तू न विचारता बदलणे हा उपकार नव्हे.

हा नियम सर्वांस सारखा लागू झाला पाहिजे, हे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. ख्रिस्ती मनुष्य प्रार्थना शिकवू लागला की संमतीची आठवण होते; पण दुसऱ्या एखाद्या मंडळाने त्याच मुलांस रांगेत बसवून आपली स्तोत्रे म्हणवून घेतली, आपल्या घोषणा शिकविल्या, आणि बदल्यात लाडू वाटले, तर तो संस्कार ठरतो. बौद्ध आईच्या मुलाकडून गणपतीची आरती म्हणवून घेताना त्या आईस कोणी विचारले होते काय? बायबलास एक माप व पोथीस दुसरे, असा तराजू पेठेतील कोणी व्यापारी वापरू लागला तर आम्ही त्यास खोटा म्हणू. येथेही तोच शब्द योग्य आहे.

आमच्या ख्रिस्ती बंधूंस एक सूचना आम्ही सलोख्याच्या भावाने करतो. पवित्र शास्त्रात शेतमजुरांविषयी जे लिहिले आहे त्याचा पहिला श्रोता ते लेकरू नव्हे. लेवीय पुस्तकात अशी आज्ञा आहे की, पीक कापताना शेताचे कोपरे सोडून द्यावे, सरवा वेचू नये, तो गरिबासाठी व परक्या मुलखातून आलेल्यासाठी ठेवावा. आणि मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवून घेऊ नये. रूथ ही परमुलखातली विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली, तेव्हा तिला कोणी त्रास देऊ नये अशी ताकीद मालकाने आपल्या गड्यांस दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळता मावळता आलेल्या मजुरासही पुरी मजुरी देतो. हे पाठ ज्याने शिकवावयाचे त्याने आधी ते बागाईतदाराच्या सोप्यावर, मुकादमाच्या बैठकीत आणि कारखान्याच्या कचेरीत वाचून दाखवावे. काट्यावर माप बरोबर होते काय, खाड्याचे पैसे न्यायाने कापतात काय, बाळंतीण बाईस विसावा मिळतो काय, हे तेथे विचारावे. त्या बैठकीतून त्यास चहा मिळण्याचा संभव कमी आहे. परंतु मुलांस न्यायाची गोष्ट सांगून न्याय करणाऱ्यांस मोकळे सोडणे, हे त्या शास्त्रासही रुचणार नाही असे आम्हांस वाटते.

‘अशा अटी घातल्या तर तो भला मनुष्य निघून जाईल, आणि मुले पुन्हा उघड्यावर पडतील,’ असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्हांस बोचतो. परंतु ज्याची भलाई आपली प्रार्थना म्हणवून घेण्याच्या अटीवरच टिकते त्याने भलाईची किंमत आधीच लावून ठेवली आहे. आणि ज्याची तशी नसेल तो अक्षरे शिकविण्यास तयार होईल. मिशनच्या दवाखान्यांनी व शाळांनी ह्या प्रांतात जो लौकिक मिळविला तो बहुतांशी जखमा धुऊन व मुले शिकवूनच मिळविला. मिरजेस डॉ. वानलेस ह्यांच्याकडे गाडीबैल जुंपून जे रोगी जात ते शस्त्रक्रियेसाठी जात. बरे होऊन येत आणि जन्मभर त्यांचे नाव घेत. धर्माचा प्रभाव असाच पडावयाचा असतो, आणि त्यास कोणी हरकत घेऊ शकत नाही.

परंतु आमचा मुख्य रोख त्या पाहुण्यावर नाही. तो आपल्या गावावर आहे. गारगोटी हे काही शिक्षणास पारखे गाव नव्हे. जे. पी. नाईक ह्यांनी १९५२ साली येथे मौनी विद्यापीठाची स्थापना केली, ती खेड्यातील मुलास शिक्षण त्याच्या दारात मिळावे म्हणून. हेच नाईक पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले, आणि त्या आयोगाच्या १९६६ सालच्या अहवालात आजच्या प्रश्नावर स्पष्ट विचार आहे. एका धर्माची दीक्षा देणारे धर्मशिक्षण वेगळे आणि सर्व धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे. पहिले सरकारी शाळेचे काम नव्हे, दुसरे मात्र अनेक धर्मांच्या लोकशाही देशात अवश्य आहे, असा त्याचा आशय. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हाच भेद मान्य केला. ज्या गावच्या संस्थापकाने देशास हा भेद समजाविण्यात हात लाविला त्या गावात तरी ‘बायबल हाकला’ आणि ‘बायबल चालू द्या’ ह्या दोनच आरोळ्या ऐकू याव्यात, हे शोभत नाही. रूथची गोष्ट, जनाबाईची गोष्ट, किसागौतमीची गोष्ट, बिलालची गोष्ट, ह्या चारही त्या कोपीतल्या मुलीस सांगाव्यात. गोष्ट म्हणून सांगाव्यात, हात जोडावयास लावू नये. तिचे मन त्यातून काय उचलील ते उचलील.

आणि आपण काय केले आहे? शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलगा कोणत्या मुलखातला हे त्या हुकुमाच्या बुद्धीस महत्त्वाचे नव्हते. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे काढविली, ती एका धर्मापुरती ठेविली नाहीत. आज २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर स्पष्ट शब्दांत टाकली आहे. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, पुष्कळशा मिटल्या. शिक्षण हमी पत्रक नावाचा कागद आहे. तो घेऊन मूल ज्या गावी जाईल तेथील शाळेने त्यास बसवून घ्यावे अशी योजना आहे. आई-बापांनी मुलांस बरोबर आणूच नये म्हणून गावाकडे हंगामी वसतिगृहे आहेत, आणि अलीकडे संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजनाही झाली आहे. कोल्हापुरात ‘अवनि’सारख्या संस्थेने वीटभट्ट्यांवरच्या व स्थलांतरितांच्या मुलांसाठी वर्ग चालवून हे काम होऊ शकते हे दाखविले आहे. तेव्हा साधन नाही असे म्हणता येणार नाही. अडते ते एवढ्यावरच, की कोपीपासून शाळेपर्यंतच्या दीड-दोन मैलांत त्या मुलांचा हात धरून चालणारे कोणी नाही.

वाचकांपैकी अनेकांचे वडील-आजे मुंबईच्या गिरण्यांत गेले होते. भुदरगड, आजरा, चंदगड ह्या तालुक्यांतील किती घरांच्या चुली परळ-लालबागच्या मनीऑर्डरीवर पेटल्या हे पेठेतील जुन्या दुकानदारांस विचारावे. परक्या शहरात चाळीच्या गॅलरीत निजणाऱ्या त्या माणसांच्या पोरांस तेथल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेने दार उघडले, तुमचे गाव कोणते म्हणून परत पाठविले नाही. ते ऋण मुंबईस फेडता येणार नाही. वेदगंगेच्या काठी उतरलेल्या बीडच्या मुलास फेडता येईल.

कामाचे स्वरूप फार मोठे नाही. टोळ्या उतरल्या की पहिल्याच आठवड्यात कोणत्या शिवारात किती कोप्या पडल्या व त्यांत सहा ते चौदा वर्षांची मुले किती, ह्याची यादी शिक्षकांनी, ग्रामपंचायतीने व कारखान्याच्या शेती विभागाने मिळून करावी. जवळच्या शाळेत त्यांस पत्रक असो वा नसो बसवून घ्यावे. पत्रक मागून मिळविता येते, गेलेला हंगाम मिळविता येत नाही. धाकटी भावंडे अंगणवाडीत घेतल्यावाचून थोरली मुलगी शाळेत येणार नाही, हे विसरू नये. उसाच्या गाड्यांच्या रस्त्यावरून मुलांस एकटे धाडता येत नाही, तेव्हा ने-आणीस एक वाहन लागेल. त्याचा पाच-सहा महिन्यांचा खर्च पेठेतील दुकानदारांनी मनावर घेतले तर एका बैठकीत उभा राहील. आणि सायंकाळी ज्यास त्यांच्यापाशी जाऊन गोष्टी सांगावयाच्या असतील, मग तो पाद्री असो, कीर्तनकार असो, भिक्खू असो वा मौलवी असो, त्याने चुलीपाशी बसून आईबापांस विचारून सांगाव्यात. तोपर्यंत मुले दिवसभराच्या शाळेतून आलेली असतील, आणि त्यांच्याजवळ त्यास विचारावयाचे प्रश्नही असतील.

येता हंगाम सुरू होण्यापूर्वी तालुक्याच्या शिक्षण खात्याने, कारखान्याने व पेठेतील व्यापारी मंडळींनी एकत्र बसावे अशी आमची विनंती आहे. दिवाळीच्या आधी बसावे. नंतर टोळ्या उतरतात, आणि मग ज्याला त्याला आपापल्या उसाची घाई असते.